पाइनच्या झाडाला बांधलेला माग

लांब लांब, समुद्रापलीकडच्या डोंगरात माया नावाच्या लोकांचं एक गाव होतं. सकाळी पांढरेशुभ्र ढग तिथं अंगणात उतरायचे, कोंबड्यांसारखे इकडंतिकडं फिरायचे आणि ऊन आलं की निघून जायचे. त्या गावात लोशा नावाची मुलगी राहायची. तिला बाप नव्हता. आई होती, पण आजारी. ताप आला नि गेला, जाताना आईच्या पायांतलं बळ घेऊन गेला. लोशा मूठभर मका दळायची, भाकरी थापायची, आईला भरवायची आणि विचारायची, "आज उठशील का गं आई?" आई नुसती हसायची.

एके दिवशी तिनं आईचा माग बाहेर काढला. माग कसला, नुसत्या काठ्या आणि दोरे! एक टोक अंगणातल्या पाइनच्या झाडाला बांधायचं, दुसऱ्या टोकाचा पट्टा आपल्या कमरेला. मागे रेललं की दोरे ताठ, उठलं की माग ढिला.

शेजारची मारूचमावशी तिच्या छोट्या चेपला कडेवर घेऊन कुंपणावरून डोकावली.

"अगं बाई! हे कापड म्हणायचं, की मासे धरायचं जाळं?"

"शिकतेय ना मावशी," लोशा मान खाली घालून म्हणाली.

मावशी हसत गेली. तेवढ्यात झाडाची साल लुकलुकली आणि तिच्यातून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. इवले इवले निळे पंख, शेंदरी झगा, झग्यावर चिमुकले सोनेरी बेडूक! ती टुणकन काठीवर बसली.

"काय विणतेस गं, चिमणे?"

"आईचा अंगरखा. तिनं उठावं म्हणून."

"मग तशी नक्षी घाल की! खाली बेडूक काढ, तो पावसाला हाक मारतो. कडेनं नागमोडी रेघ, ती डोंगरातली वाट. मधला चौकोन म्हणजे हे सगळं जग, आणि त्याच्या पोटात सूर्य."

"आईपण असंच सांगायची!"

"तिला तिच्या आईनं सांगितलं, तिला तिच्या आईनं. म्हणून तर त्यात जोर आहे." परीनं फुंकर घातली. दोरे झगमगले. निळे, पिवळे, हिरवे, लाल! "सूर्याचा शेवटचा दोरा बसला की आई उठेल. पण नियम ऐक हं. तोवर पट्टा रिकामा राहायला नको. रिकामा झाला की एकेक रंग उडेल. सगळे उडाले, तर मलाही काही करता येणार नाही."

लोशा विणत राहिली. बेडूक झाला, वाट झाली, चौकोन झाला. सूर्य तेवढा उरला.

इतक्यात टर्की कोंबडा गुर्गुर करत पळाला आणि त्याच्यामागं चेप! दुडूदुडू, थेट गावाखालच्या डोहाकडं. त्याला अंगणात खेळत सोडून मावशी गेली होती शेतात.

"चेप, थांब रे बाळा!"

चेप कुठला थांबतोय! लोशानं पट्ट्याकडं पाहिलं. दाराकडं पाहिलं. आत आई होती. लोशाचे डोळे भरून आले. तिनं पट्टा सोडला आणि धावत सुटली.

डोहाच्या काठावर तिनं चेपचा सदरा धरला, तेव्हा त्याचं एक पाऊल पाण्यात होतं.

"माझा कोंबडा!" तो भोकाड पसरून रडला.

त्याला कडेवर घेऊन लोशा परतली. वर बघायचा धीरच होईना. शेवटी बघितलं. निळा गेला होता. पिवळा गेला होता, हिरवाही. पण लाल होता! आणि पट्टा आईच्या कमरेला होता. गुडघे धुळीनं माखलेले, श्वास फुललेला, तरी आई मागे रेलून बसली होती.

"आई! तू कशी आलीस?"

"सरपटत. परीचा नियम आतून ऐकला होता, नि रंग उडताना दिसले गं. म्हटलं, पोरगी दुसऱ्याचं लेकरू धरायला धावली, मग तिचा माग कुणी धरायचा?"

परी खुदकन हसली. "पट्टा लोशाच्याच कमरेला हवा, असं मी कुठं म्हटलं?" आणि सगळे रंग फुलपाखरांसारखे भिरभिरत दोऱ्यांवर येऊन बसले.

आई पट्ट्यात, लोशा तिला खेटून. दोघींच्या बोटांनी सूर्य विणला. शेवटचा दोरा बसला.

चेपचं कळताच मारूचमावशी शेतातून धापा टाकत आली. चेपला छातीशी धरलं, लोशाचे हात धरले. डोक्यावरची कणसांनी भरलेली टोपली तिनं लोशाच्या दारात ठेवली. "रोज आणीन गं बायो," एवढंच म्हणाली.

आईनं अंगरखा अंगात घातला, झाडाला हात टेकला आणि उठली. एक पाऊल. मग दुसरं. लोशानं हात पुढं केला, तर आई म्हणाली, "राहू दे, बघू या जमतं का."

परी सोनेरी उजेडात कधी विरघळून गेली, ते कुणी पाहिलंच नाही. सगळे आईच्या पावलांकडं बघत होते.