हरिणीभोवतीचा चौकोन

शुद्धलेखनाच्या चुका झाल्या असतील तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. माझी शाळा लहानपणीच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. गोष्ट मात्र मनापासून लिहिली आहे.

बाजारपेठेच्या एका गावात सिद्राम नावाचा इस्त्रीवाला राहत होता. त्याची कोळशाची इस्त्री इतकी जड होती की ती दुसऱ्या कुणाला एका हाताने उचलत नसे. सिद्राम तिच्यावर अंगाचा सगळा भार टाकायचा. त्याने इस्त्री केलेल्या पँटची घडी लवकर मोडायची नाही. गावात त्याचं नाव होतं, आणि ते आपल्याला जोरामुळेच मिळालं असं तो धरून चालला होता.

पुढे लोक घरीच इस्त्री करू लागले. मग सिद्रामने टी-शर्टवर चित्र छापायचं मशीन आणलं. खाली शर्ट पसरायचा, त्यावर चित्राचा कागद ठेवायचा आणि दांडा ओढून वरची तापलेली पाटी दाबायची. दाब कमी-जास्त करायला एक स्क्रू होता. सिद्रामने तो पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत आवळला आणि पुन्हा कधी त्याला हात लावला नाही. एवढ्यानेही त्याचं समाधान होईना. तो दांड्याला अक्षरशः लोंबकळायचा. पांढऱ्या सुती शर्टांवर हे सगळं खपून गेलं.

त्या वर्षी गावातल्या बायकांचा खो-खोचा संघ पहिल्यांदाच जिल्ह्याच्या सामन्यांना निघाला. संघाची कर्णधार चंद्रकला अंगणवाडीत मदतनीस होती. बायकांनी मैदानात उतरावं की नाही, यावरून गावात बरीच कुजबुज झाली होती. म्हणून निदान दिसायला तरी आपल्या संघाला कुणी नाव ठेवू नये, असं तिला फार वाटत होतं. तिने गडद निळे, पातळ पॉलिस्टरचे खेळाचे शर्ट सिद्रामकडे दिले. छातीवर झेप घेणारी हरिणी छापायची होती. काम शहरात नेऊ नका, मी करून देतो, असं सिद्रामच तिला म्हणाला होता.

संध्याकाळी ती बघायला आली तेव्हा निम्मे शर्ट छापून झाले होते. हरिणी सुरेख उठली होती. पण प्रत्येक हरिणीभोवती एक मोठा चकाकता चौकोन बसला होता. तापलेल्या पाटीची कड न् कड कापडावर उमटली होती.

“अण्णा, हे काय?” चंद्रकला म्हणाली. “आम्ही खो-खो खेळायला चाललोय, गळ्यात पाटी अडकवून शाळेला नाही.”

सिद्राम म्हणाला की नवं कापड असंच दिसतं, एका धुण्यात जाईल. तसं त्याला काही माहीत नव्हतं. तोंडाला आलं ते तो बोलून गेला. मी येईपर्यंत बाकीचे छापू नका, असं बजावून चंद्रकला एक शर्ट घरी घेऊन गेली. धुतला, वाळवला. चौकोन होता तिथेच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तो शर्ट घेऊन परत आली. संघाची जीप त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची होती.

आता तरी सिद्रामने खरं बोलायला हवं होतं. पण नाही. आधी म्हणाला, कापड हलकं आहे. मग म्हणाला, करंट धड येत नाही. शेवटी मशीन विकणाऱ्याचा उद्धार झाला. आणि तणतणत त्याने तोच शर्ट पुन्हा मशीनखाली घातला. डाग दाबून सपाट करतो म्हणाला. शर्ट बाहेर आला तेव्हा त्यावर दोन चौकोन होते, एक सरळ आणि एक तिरका. तरी हा गडी तिसऱ्यांदा दांड्याकडे निघाला. चंद्रकलाने कपाळाला हात लावला.

सिद्रामची बायको महानंदा इतका वेळ कागद कापत बसली होती. स्क्रू सैल करा, असं तिने आधी कितीदा सांगून पाहिलं होतं, आणि दरवेळी उलट उत्तर ऐकून गप्प बसली होती. आता तिने उठून दांडाच धरला.

“अहो, जरीची साडी आली की तिच्यावर असंच लोंबकळता का?”

“जरीवर कोण जोर करेल?” सिद्राम खेकसला. “तिच्यावर ओला फडका घालतो. इस्त्री नुसती वरून फिरवतो.”

“का बरं?”

 का ते सिद्रामला चांगलं ठाऊक होतं. नाजूक कापड जास्त दाबलं की चेपतं, आणि चेपलेलं कापड चमकतं. सगळं येत असून त्याने ते बाजूला ठेवलं होतं, कारण जोर करण्यातच त्याला मोठेपणा वाटत होता.

त्याने स्क्रू सैल केला. मशीनची उष्णता कमी केली. महानंदाने हरिणीच्या मापापेक्षा थोडा मोठा स्पंज कापून दिला. तो शर्टाच्या आत ठेवल्यावर हरिणीची जागा तेवढी वर उचलली गेली आणि पाटीची कड कापडाला लागेना. आधी त्याने घरच्या एका जुन्या शर्टावर करून पाहिलं, मगच बाकीचे छापले. एकावरही चौकोन उठला नाही. आधीच्या शर्टांवर ओला फडका घालून त्याने वरच्या वर वाफ दिली. हळूहळू तेही निवळले. फक्त दोनदा दाबलेला शर्ट काही केल्या सुधारला नाही. तिथलं कापड वितळून कडक झालं होतं. सिद्रामने त्याची छाती आत घालून घडी केली आणि गठ्ठ्यात सर्वांत खाली सरकवली.

महानंदाने ते पाहिलं.  त्या दिवशी सिद्रामला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः गठ्ठा घेऊन जीपपाशी गेला. त्याने खालचा शर्ट ओढून काढला आणि सगळ्या बायकांसमोर उलगडून धरला.

“हा सुधारला नाही,” तो म्हणाला. “कापड चांगलं आहे, मशीनही चांगलं आहे. बिघडवला मी.”

“हे परवाच बोलला असतात तर माझं धुणं तरी वाचलं असतं,” चंद्रकला म्हणाली. तिने तो शर्ट त्याच्या हातून घेतला. संघातल्या दुसऱ्या कुणाला तो द्यायचा नाही म्हणून स्वतःच अंगात घातला आणि जीपमध्ये चढली.

तात्पर्य: कामाला लागेल तेवढाच जोर लावावा, आणि आपल्या हातून काही बिघडलं, तर ते आपणच बिघडवलं असं वेळेवर सांगावं, नाहीतर त्याचा डाग दुसऱ्याला अंगावर वागवावा लागतो.