बारीक आवाजाचा भुजबा

एका राज्यात डोळ्यांवर कुणाचा भरवसा नव्हता, कानांवर होता. न्यायासनापुढे जाड पडदा. आत राजा रणधवल, बाहेर फिर्यादी. का, तर पूर्वी कुणा देखण्या लबाडाने राजाच्या आजोबांना फसवलं होतं. तेव्हापासून तोंड बघायचंच नाही, आवाज ऐकायचा, अशी रीत पडली. आवाज जाड, तर माणूस थोराड, बळाचा, म्हणून खरा. आवाज बारीक, तर माणूस किरकोळ, म्हणून खोटा. हसू नका! पडद्याआडून कुणी घुमला, की तुम्हीही सावरून बसता.

त्या राज्यात भुजबा नावाचा दगड वाहणारा गडी होता. देह असा, की घराच्या दारातून वाकून आणि आडवा होऊन शिरावं. आणि आवाज? परकरी पोरीचा. लोक तोंडावर पदर घेऊन हसत. मग तो चारचौघांत घसा दाबून जाड बोले, नाहीतर बोलतच नसे. मोकळा बोले तो फक्त लेकीपाशी. लेक गोजरी, बिनआईची, राजकन्येची पायताणं सांभाळायला राजवाड्यात कामाला होती.

एके दिवशी राजकन्या सख्यांसह तळ्यावर गेली. काठावर सोन्याचे पैंजण पडले होते, मांत्रिक कालिंजराच्या शापित खजिन्यातले. राजकन्येने ते उचलले, आणि राजकन्या, सख्या, पालखीचे भोई, सगळे जागच्या जागी दगड झाले. पायताणं धरून मागे उभी असलेली, पैंजणांना बोटही न लावलेली गोजरीसुद्धा दगड झाली. हौस थोरांची आणि भोग धाकट्यांचा, दुसरं काय!

राजाने दवंडी पिटली, "शाप उतरवील त्यास अर्धं राज्य!" भुजबाला राज्य घेऊन काय करायचं होतं? त्याला लेक हवी होती. तो निघाला.

कालिंजराच्या गुहेला तीन दारं. पहिल्या दारावर धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "ही धोंड सार." भुजबाने खांदा लावला, धोंड सरली.

दुसऱ्या दाराशी धनेश म्हणाला, "खजिन्यातून चालत ये. काही उचलू नकोस." दोन्ही अंगांना दगड झालेले हावरे उभे होते, कुणाची मूठ मिटलेली, कुणाचा ओचा भरलेला. भुजबा मान खाली घालून चालत गेला. तळव्याला हिरे चिकटले, ते त्याने झटकून टाकले.

तिसऱ्या दाराशी धनेशाने विचारलं, "कोण तू?"

भुजबाने सवयीने घसा दाबला. "मी भुजबा."

"खोटं. पुन्हा बोल."

त्याने आणखी दाबला. दार हललं नाही.

"अरे मर्दा," धनेश म्हणाला, "आजवर या दारापर्यंत आलेले सगळे असेच घुमले आणि हात हलवत परत गेले. चिमणी चिवचिवते, वळू डुरकतो, हे खरं. तेवढ्यावरून तुम्ही धरून चाललात, की मोठ्या माणसाचा आवाज जाडच असायचा. माणसामाणसांत तसा नेम नाही. तुझा आवाज ऐकव."

भुजबाला रडू फुटलं. गोजरीपाशी बोले तसा तो बोलला, "मी भुजबा. माझी लेक दगड झालीय, दादा."

दार उघडलं. कालिंजराने पाण्याचा कलश त्याच्या हाती दिला. "हे शिंपड आणि याच आवाजात हाक मार. एक उठला, की सगळे उठतील."

भुजबा राजसभेत आला, पडद्याबाहेर उभा राहिला. "महाराज, शाप उतरवायचं पाणी आणलंय."

आत हशा पिकला. राजा म्हणाला, "कुणाचं पोर आहे हे? हाकला त्याला."

पडद्याबाहेर सुभान नावाचा, त्याच दिवशी कामाला लागलेला भालदार उभा होता. उंची भुजबाच्या कंबरेइतकी, आवाज मात्र नगाऱ्याचा. तो कुजबुजला, "आण इकडे. तुझ्या वतीने मी बोलतो." भुजबाने भाबडेपणाने कलश त्याच्या हाती दिला. इथेच घात झाला.

"महाराज," सुभान गरजला, "पाणी आणलंय! मी आणलंय!"

"अहाहा!" राजा म्हणाला. "केवढा पुरुष असेल हा!"

सगळे तळ्यावर गेले. पडदाही गेला, दुसऱ्या भोयांच्या खांद्यावर. सुभानाने पाणी शिंपडलं, हाका मारल्या, आभाळ दणाणलं. दगड दगडच राहिले. कलश रिता होत आला, तसा भुजबा जिवाच्या आकांताने धावला, कलश हिसकावून उरलेलं पाणी त्याने गोजरीवर ओतलं आणि हाक मारली, "गोजरे, ऊठ गं बाळ!"

गोजरी हलली. राजकन्या उठली, सख्या उठल्या, भोई उठले. राजा लेकीला पोटाशी धरायला पडदा सारून धावला, आणि त्याने बारीक आवाजाचा तो डोंगर डोळ्यांनी पाहिला.

तेवढ्यात प्रधान त्याच्या कानाशी लागला. "महाराज, हा खरा ठरला, तर बारीक आवाजाचे म्हणून आपण आजवर जे सुळावर चढवले त्यांचं काय?"

राजा दोन पावलं मागे सरला. मग मोठ्याने म्हणाला, "शाप सुभानाने उतरवला." आणि भुजबाला हळू आवाजात म्हणाला, "लेक घेऊन जा. पुन्हा तुझा आवाज कुणाच्या कानी पडला, तर दोघांना सूळ."

भुजबाने तोंड उघडलं. गोजरीकडे पाहिलं. तोंड मिटलं.

सुभानाला अर्धं राज्य मिळालं. पडदा पुन्हा लागला, पहिल्याहून जाड.

घरी आल्यावर गोजरी म्हणाली, "बा, दगडात मला काही दिसत नव्हतं. हाक तेवढी ऐकू आली. कुणी मारली?"

उंबऱ्यातून शेजारीण म्हणाली, "सुभानरावांनी, आणखी कुणी? सगळं राज्य सांगतंय."

"नाही मावशी, तो आवाज बारीक होता. तो तर माझ्या..."

भुजबाने आपला भलाथोरला हात तिच्या तोंडावर ठेवला, आणि शेजारणीकडे बघून मान हलवली, की हो, सुभानरावांनीच.

शाप उतरला, राज्य सावरलं, न्यायाचं काम पूर्ववत सुरू झालं. ऐकणाऱ्यांचं कल्याण होवो. भुजबाचं मला विचारू नका.