चंदेरीच्या फेऱ्या

फणी-करंड्याला वाचा होती त्या काळची गोष्ट. थंडीच्या एका सकाळी कोरड्या केसांतून सपासप फिरलेला कंगवा मोठ्या ताठ्यात फळीवर येऊन पडला. तिथे चॉकलेटच्या चांदीची एक इवलीशी गोळी होती, चंदेरी. कंगवा जवळ येताच तिला अशी काही ओढ लागली की ती टुणकन उडून त्याला बिलगली.

बिलगली मात्र, आणि फाडकन दूर फेकली गेली! ती थेट शेजारच्या पितळी तांब्यावर आपटली. तिथे टेकताच पुन्हा तीच ओढ, पुन्हा उडी आणि पुन्हा धक्का.

"जवळ ओढतोस काय, ढकलतोस काय! मी काय चेंडू आहे?" चंदेरी रडकुंडीला आली.

तांब्या हसला. "पोरी, त्याला शिवलीस की केसांत घासून त्याच्या अंगात भरलेलं थोडं वारं तुझ्यात शिरतं. तू त्याच्यासारखी होतेस, आणि त्याला आपल्यासारखं कुणी शेजारी खपत नाही. ते वारं माझ्याकडे उतरवलंस की तू परत त्याला हवीशी."

"असं होय!" चंदेरीनं पदर खोचला. टुणकन तिकडे, टणकन इकडे, अशा तिच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. हळूहळू उड्या लहान झाल्या आणि शेवटी थांबल्या.

कंगवा ओशाळून म्हणाला, "आता माझ्यात ओढण्याजोगं काही उरलं नाही गं."

"ढकलण्याजोगंही नाही ना?" चंदेरी म्हणाली. खिडकीतून झुळूक आली, तशी ती घरंगळत गेली आणि त्याला टेकून निवांत बसली.