एकतीस तारखेचा अर्ज

एक गाव होतं छोटंसंच, पण त्याच्या बाजारपेठेत गाड्या मात्र शहराला लाजवतील इतक्या. त्या पेठेत एका शिंप्याचं दुकान होतं. बरोबर समोर, दहा पावलांवर, एक म्हातारा पत्र्याच्या ट्रंका बनवायचा.

दोघांची मैत्री तीस वर्षांची. म्हाताऱ्याला घरचं कुणी नव्हतं आणि छातीचं दुखणं होतं. शिंप्याचा पाय मशीनवर असला तरी एक डोळा समोर असे. म्हातारा छाती धरून वाकला की हा कात्री टाकून धावायचा आणि त्याच्या जिभेखाली गोळी ठेवायचा. असं दोनदा झालं होतं. "तू आहेस म्हणून मी आहे," असं म्हातारा सगळ्यांना सांगे, आणि ते खरंच होतं.

पुढे टेंपो वाढले, भांडणं वाढली. नगरपालिकेने पाट्या लावल्या. सम तारखेला गाड्या म्हाताऱ्याच्या बाजूला, विषम तारखेला शिंप्याच्या बाजूला. ज्याच्या दारात टेंपोंची रांग लागे, तो आपलं काम उचलून समोरच्याकडे जाऊन बसे. एक दिवस शिंपी काजं-बटणं घेऊन तिकडे, एक दिवस म्हातारा हातोडी घेऊन इकडे. पाट्यांनी दोघांना उलट जवळच आणलं.

पण एकतीस तारीख विषम, आणि दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषम! सलग दोन दिवस दार अडायचं ते शिंप्याचंच. एका दिवाळीत नेमके तेच दोन दिवस आले आणि गिऱ्हाइकांना त्याचं दुकानच सापडेना. शिंप्याचं डोकं फिरलं.

म्हातारा म्हणाला, "अरे, त्यात काय एवढं? एकतीस तारखेला माझ्या दारात लावू देत गाड्या. अर्ज लिही, मी सही करतो."

शिंपी अर्ज लिहायला बसला, आणि लिहिता लिहिता त्याच्या मनात हाव शिरली. एकतीस तारीखच कशाला?

म्हाताऱ्याने अर्ज डोळ्यांजवळ धरून वाचला. "सगळ्याच तारखा?"

"तुझ्याकडे गिऱ्हाईक येतंय कितीसं? हल्ली ट्रंका घेतं कोण?" शिंपी बोलून गेला.

म्हाताऱ्याने सही केली आणि कागद नीट घडी घालून परत दिला.

पाट्या बदलल्या. शिंप्याचं दार मोकळं झालं, गिऱ्हाईक दुप्पट झालं. म्हातारा सवयीप्रमाणे हातोडी घेऊन रोज त्याच्या ओट्यावर येऊ लागला. चार दिवस शिंप्याने सोसलं. पाचव्या दिवशी म्हणाला, "जरा तुझ्याकडेच बस ना. लोक कपडे बघायला येतात, ही ठोकाठोक बरी दिसत नाही."

"बरं," म्हातारा म्हणाला आणि टेंपोंच्या मधल्या फटीतून अंग चोरत पलीकडे गेला. पुन्हा तो आला नाही. ताडपत्र्यांच्या मागून नुसता हातोडीचा आवाज येई.

एका दुपारी तो आवाज थांबला. शिंप्याने मान वर केली. समोर टेंपो होता. उठून जावं असं त्याला वाटलंही, पण दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. जेवायला बसला असेल, असं म्हणून त्याने मशीनवर पाय ठेवला.

संध्याकाळी टेंपो हलले तेव्हा म्हातारा दिसला. अर्धवट झालेल्या ट्रंकेवर तो पालथा पडला होता. गोळ्यांची डबी मुठीत होती. तिचं झाकण त्याला उघडता आलं नव्हतं. शिंप्याने आता धावत जाऊन काय उपयोग होता? तरी तो धावला. गार पडलेला हात हातात घेऊन तो लहान मुलासारखा रडला.

तेरावा झाला आणि शिंपी नगरपालिकेच्या सभेत उभा राहिला. "समोरच्या गाड्या हलवा," तो म्हणाला. "पूर्वीसारखं माझ्या दारात लावा, रोज लावा. मी समोर जाऊन बसेन."

नगराध्यक्ष चक्रावले. "अहो मास्तर, तुमच्याच अर्जावर केलंय हे. आता काय अडचण आली?"

"मला समोरचं दिसत नाही."

"समोर तर कुलूप लागलंय. त्यात बघायचं काय?"

सभेत कुणीतरी हसलं. शिंपी हळूच खाली बसला आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली.

तात्पर्य एवढंच, की आपल्या दारातली अडचण दुसऱ्याच्या दारात लोटण्याआधी त्या दारात कोण बसलंय ते डोळे भरून बघून घ्यावं. नंतर बघायला तो असेलच, असं नाही.