टेंभेकर साहेबांची खुर्ची

ॲडव्होकेट टेंभेकर कोर्टात बोलायला उठले, की आवारातल्या पिंपळावरची कबुतरं उडायची. लॉ कॉलेजात वक्तृत्व तेच शिकवत आणि वादस्पर्धेचा संघही तेच निवडत. त्यामुळे सगळी मुलं त्यांच्यासारखीच टेबलावर मुठी आपटून ओरडत, आणि साहेब खुर्चीत रेलून मान डोलावत.

निवडीच्या दिवशी सगळ्यांत शेवटी ऊर्मिला गड्डमवार उठली. तिचा आवाज मुळातच बारीक. पहिल्याच वाक्याला साहेब गरजले, "अहो बाई, असल्या आवाजावर वकिली होत नसते! न्यायाधीश ऐकतील तरी का तुमचं?"

पण ऊर्मिलाने आवाज चढवला नाही. उलट आणखी उतरवला आणि एकेक मुद्दा असा बांधत नेला, की वर्ग चिडीचूप झाला. साहेबांनी पंखा बंद करायला लावला, खुर्ची पुढे ओढली, कानामागे हात धरला.

तशी ती थांबली.

"साहेब, माझ्याआधी अकरा जण ओरडून गेले. त्यांतल्या कुणासाठी तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत?"

साहेबांनी खाली खुर्चीकडे पाहिलं. मग संघाच्या यादीत सगळ्यांत वर तिचं नाव लिहिलं आणि, कुणी कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात, म्हणाले, "पुढे बोला."