रेघेच्या अलीकडे

“मग बाकीचे काय करतात?” तात्यांनी विचारलं.

“बाकीचे पकडी करतात, टाळ्या वाजवतात,” सर्जेराव हसला. “चढाईला जातो एकटा आमचा निवास!”

सर्जेराव काही ऐरागैरा नव्हे. टीव्हीवर गाजणाऱ्या कबड्डी लीगमधल्या संघाचा प्रशिक्षक. परवा उपांत्य सामना, म्हणून गुरूच्या पाया पडायला आला होता. छाती अशी काढून बसला होता, की शर्टाच्या गुंड्यांची कीव यावी. आणि का बसू नये? याच मातीच्या मैदानावर तात्यांनी त्याला घडवलं होतं.

तात्यांनी मैदानाच्या कडेला उभ्या सर्जेरावच्या गाडीकडे पाहिलं. निवास आतच बसून होता.

“पोरगं उतरत का न्हाई?”

“गुडघा जरा धरलाय. पट्टी आवळली की उभा राहतो.”

“दुसऱ्या कुणाला धाडून बघ की.”

“हुकमाचं पान हातात असताना दुरी-तिरी कोण टाकतो, तात्या? आणि तो कधी नको म्हणत नाही. एकदासुद्धा नाही!” बोलता बोलता सर्जेरावचे डोळे भरून आले. अभिमान खोटा नव्हता. पोरावर त्याचा जीव होता.



तात्या उठले. धोतर खोचलं, पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढली आणि पलीकडे जाऊन उभे राहिले.

“चल. चढाई कर.”

“आत्ता?”

“का? नुस्ती शिट्टीच वाजवतोस व्हय आता?”

हे मात्र झोंबलं. सर्जेरावनं बूट भिरकावले आणि ‘कबड्डी कबड्डी’ घुमवत रेघ ओलांडली. चढाई एका दमाची. श्वास घ्यायचा तो परत आपल्या घरात आल्यावरच. तात्यांच्या खांद्याला हात लावून तो ऐटीत परतला. अजून आहे म्हटलं आपल्यात काहीतरी! त्यानं श्वासासाठी तोंड उघडलं.

“परत,” तात्या म्हणाले.

तो तसाच वळला. गेला, आला.

“परत.”

आता आवाज फाटला. कान गरम झाले. तरी गेला, हार मानणारा गडी नव्हताच तो. कसाबसा रेघेच्या अलीकडे येऊन गुडघ्यांवर हात टेकून वाकला. गाडीची काच खाली आली होती. निवास बघत होता.

“परत.”

“तात्या…” सर्जेराव धापा टाकत म्हणाला, “अहो, दम तर घेऊ द्या!”

तात्यांनी एकवार गाडीच्या उघड्या काचेकडे पाहिलं.

“अरे, घरी आलायस न्हवं? घरी आलेल्याला दम मागावा लागतो व्हय?”