दुर्मिळ बंदूक

रानडुकरांनी भुईमूग उकरून टाकला, तेव्हा रखमाकाकू गवस शेती-संरक्षणाच्या परवान्यावर बंदूक घ्यायला शहरातल्या दुकानात गेल्या. मालक रावसाहेबांनी ऐटीत एक पंप बंदूक, म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून चालवायची बंदूक, पुढे ठेवली. “काडतुसांची ही सुटी पेटी, म्हणजे मॅगझिन, खालून खटकन बसतं. अशी बंदूक अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नाही!”

काकूंच्या मनात पाल चुकचुकली. एवढी चांगली, तर कुणीच कशी घेतली नाही?

“मॅगझिन बिघडलं तर दुसरं मिळेल?”

“छे! बंदूकच दुर्मिळ, तिचं मॅगझिन कुठून मिळणार? बायकांना यातलं कळायचं नाही.”

“खरंय,” काकू म्हणाल्या, “पण आमच्याकडची डुकरं दुर्मिळ नाहीत हो! मॅगझिन मिळेपर्यंत ती थांबतील, असं लिहून देता?”

रावसाहेबांनी फळीवरून मॅगझिन न लागणारी साधी दोननळी बंदूक खाली काढली.